हात न लावता धुतलेला रोल

फिल्म धुण्याची टाकी कोणती घ्यावी हे सांगणाऱ्या लोकांपैकी निम्म्यांनी आयुष्यात एकही रोल धुतलेला नसतो. उरलेल्या निम्म्यांनी एकच धुतलेला असतो आणि त्या एका रोलच्या जोरावर त्यांची पंडिती चाललेली असते. गेले चार महिने मी त्यांचे व्हिडिओ बघते आहे. "घरच्या घरी, अगदी सोपं," असं म्हणत कोणीतरी हसऱ्या चेहऱ्याने टाकी उचलतो, आणि त्याने झाकण कसं धरलंय एवढं बघूनच माझं डोकं उठतं.

मी सतरा वर्षांची असल्यापासून एकतीस वर्षं वडिलांच्या स्टुडिओतली डार्करूम सांभाळली. पाटीवर नाव वडिलांचं. बाहेर काउंटरवर बसून गिऱ्हाइकांशी गोड बोलणारे वडील, आणि मागच्या खोलीत केमिकलने नखं पिवळी करून घेणारी मी. त्यांना सगळे अण्णा म्हणायचे, आम्ही मुलीसुद्धा. दोन वर्षांपूर्वी ते गेले आणि स्टुडिओ बंद झाला. त्यामुळे टाक्यांबद्दल मला कोणी शिकवायला येऊ नये.

आता माझ्या न्हाणीघरात तीन टाक्या आहेत. पहिली अण्णांची जुनी स्टीलची, बुडाशी पोचा आलेली. हिच्या रिळावर फिल्म मधून बाहेर गुंडाळत न्यावी लागते, आणि हाताला सवय नसेल तर वेढ्याला वेढा चिकटून फोटोंची वाट लागते. दुसरी काळ्या प्लास्टिकची. हिचं रीळ बाहेरून आत भरतं, खटखट करत, एखादं खेळणं असावं तसं. पण त्यावर थेंबभर ओल राहिली की फिल्म मध्येच अडकते आणि माणूस अंधारात उभा राहून स्वतःलाच शिव्या घालतो. तिसरं मशीन. ठरावीक तापमानाच्या पाण्याचा एक पसरट टब, त्यात टाकी आडवी ठेवायची, आणि मोटर तिला गोल फिरवत राहते. थोडा वेळ एका बाजूला, थोडा वेळ दुसऱ्या. डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं केमिकल, अर्ध्याहून कमी लागतो. टाकी उचलायची नाही, हलवायची नाही, आपटायची नाही. केमिकल ओतलं की नुसतं घड्याळाकडे बघत बसायचं.

हे मशीन मी विकत घेतलं ते एका प्रश्नासाठी, ज्याचं उत्तर एकाही व्हिडिओत नाही. कोणत्या टाकीला माणसाचा हात सगळ्यात कमी लागतो?

कारण मला एक रोल असा धुवायचा होता की त्यात अण्णांचा हात अजिबात नको होता.

तो रोल मला त्यांच्याच कपाटात सापडला. गोल डबीत, काळ्या कागदात गुंडाळलेला, वर चिकटपट्टीवर अण्णांच्या अक्षरात फक्त तारीख. ती तारीख वाचायला मला चष्मा लागला नाही. सव्वीस वर्षांपूर्वी त्या दिवशी माझी थोरली बहीण गेली. ताई सकाळच्या बसने एकटीच धरणावर गेली होती, कॅमेरा घेऊन. दुपारी खालच्या पायऱ्यांपाशी पाण्यात सापडली. पाय घसरला असणार असं सगळ्यांनी ठरवलं. कॅमेरा वरच्या कठड्यावर नीट ठेवलेला होता. तिच्या मागे तिची दीड वर्षाची मुलगी राहिली.

पोलिसांकडून कॅमेरा अण्णांनी आणला. मी विचारलं, आत रोल असेल ना? ते म्हणाले, कॅमेरा रिकामा होता.

मी तेव्हाच भांडले होते. आदल्या दिवशी तो रोल मी माझ्या हाताने भरला होता. छत्तीस फोटोंचा, ब्लॅक अँड व्हाइट. ताईने बाळाचे काही फोटो काढले, उरलेले धरणावर काढीन म्हणाली. असा कॅमेरा रिकामा कसा होईल? अण्णा माझ्याकडे बघत राहिले आणि पुन्हा तेच बोलले. मग मी गप्प बसले, कारण त्या घरात अण्णांनी एकदा सांगितलं की विषय संपायचा. आणि तो माणूस चोवीस वर्षं, मरेपर्यंत, तो रोल कपाटात ठेवून माझ्यासमोर जेवत होता. डबी हातात घेऊन मी त्या रिकाम्या स्टुडिओत उभी होते, आणि मेलेल्या माणसावर ओरडता येत नाही याचाच मला जास्त राग आला.

अण्णांचं माझ्याशी वागणं हे असंच. मी टाकी हलवत असले की मागून यायचे आणि म्हणायचे, "दे इकडे." विचारायचे नाहीत, हातातून काढूनच घ्यायचे. ताई गेल्यावर तर त्यांनी मला एकही रोल शेवटपर्यंत धुवू दिला नाही. तयारी माझी, अंधारात रीळ भरायचं मी, आणि डेव्हलपर ओतला की "दे इकडे." वर स्वतःचा हात एवढा जड की टाकी अशी खळखळवायचे, जणू तिने त्यांचं काही घोडं मारलंय. फिल्मच्या दोन्ही कडांना भोकं असतात. टाकी जोरात हलवली की डेव्हलपर त्या भोकांतून उसळतो आणि प्रत्येक भोकापासून आत एक गडद ओघळ उमटतो. सगळ्या कडेला झालर लावल्यासारखं दिसतं. गिऱ्हाइकांना कळायचं नाही. मला कळायचं. शंभर निगेटिव्हमधून अण्णांनी धुतलेली मी त्या झालरीवरून वेगळी काढून दाखवली असती.

म्हणून मशीन.

रोल खरं तर माझा नव्हताच. तो भाचीचा. ताईची ती दीड वर्षाची मुलगी आता सत्तावीस वर्षांची आहे, दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासते. डबी सापडल्याचं मी तिला फोनवर सांगितलं.

ती म्हणाली, "मावशी, आईचा चेहरा मला फक्त तिच्या लग्नाच्या फोटोतला माहीत आहे. त्यात ती नटलेली आहे. ती घरात कशी दिसायची ते मला माहीत नाही."

"दिसेल," मी म्हणाले. "मी धुते. पण आधी चाचण्या घेते. रोल एकदाच धुता येतो, पोरी. चुकला की चुकला."

पहिली चाचणी मी उगाच, सवयीने, स्टीलच्या टाकीत घेतली. नवा रोल, गच्चीच्या राखाडी भिंतीचे छत्तीस फोटो. भिंतीवर काहीच नसतं, त्यामुळे धुण्यातली चूक लगेच दिसते. फिल्म वाळल्यावर काचेवर ठेवली. कडेला झालर होती, वरून खालून, पहिल्यापासून छत्तिसाव्यापर्यंत.

मला स्वतःचीच चीड आली. म्हणजे एकतीस वर्षं त्यांचं बघून बघून माझाही हात तसाच झाला होता. दुसरी चाचणी प्लास्टिकच्या टाकीत घेतली. तिच्यात वरून एक दांडी घालून रीळ आतल्या आत हळू फिरवता येतं, टाकी उचलावीच लागत नाही. मी दोन बोटांनी, कणीक तिंबायलाही पुरणार नाही एवढ्या जोराने, ती दांडी फिरवली. पुन्हा झालर.

तिसरी मशीनमध्ये. पाणी वीस अंश, थर्मामीटर दोनदा तपासला. डेव्हलपर दोनशे सत्तर मिली. मोटर सुरू केली आणि मी दारात स्टूल टाकून हाताची घडी घालून बसले. मोटरचा घुर्र आवाज, पाण्याचा बारीक चुबुक चुबुक. साडेसात मिनिटं मी पापणीसुद्धा जपून हलवली असेन.

झालर. आणि जरा नीट बघितल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. मशीन टाकीला न थांबता फिरवतं. पण या झालरीत टप्पे होते. जोराचे हेलकावे, मग विश्रांती, मग पुन्हा जोराचे हेलकावे. साडेसात मिनिटांत आठ वेळा. दर मिनिटाला एकदा, जसं माणूस हाताने करतो.

चौथ्या चाचणीत झालर होतीच, वर फिल्म फिकी आली. साडेसात मिनिटं धुतलेली फिल्म साडेसहा मिनिटांची दिसत होती. पाचवी जेमतेम पाचाची. एवढ्या वर्षांनी डोळ्यांना हे कळतं. डेव्हलपर मेला असेल म्हणून टाकीतून काढलेल्या डेव्हलपरमध्ये मी उजेडातच फिल्मचा एक कपटा बुडवला. तो बघता बघता काळा झाला. डेव्हलपर चांगला जिवंत होता. मोजून बघितला तर दोनशे सत्तर मिली आत गेला होता, दोनशे सत्तर बाहेर आला होता. तरीही कोणीतरी अडीच मिनिटं आधीच तो फिल्मवरून काढून घेतल्यासारखं झालं होतं.

मी मशीनवाल्याला बोलावलं. गंभीर चेहऱ्याचा, हातात बॅटरी घेऊन फिरणारा माणूस. त्याने मोटर उघडली, दाते तपासले, टबात पाणी सपाट राहतं का ते बघितलं. मग रिकामी टाकी ठेवून मशीन चालवलं आणि उकिडवा बसून राहिला.

"बाई, तुम्ही मधेमधे उचलता का ही?"

"हात लावत नाही मी. त्यासाठीच घेतलंय हे."

"घरात आणखी कोण असतं?"

"मी एकटी राहते."

त्याने टाकीवर तळहात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. मग मला म्हणाला, "इथे लावून बघा."

टाकी फिरत होती. मी बोटं टेकवली. वीस अंशांच्या पाण्यातलं प्लास्टिक जेवढं गार लागायला हवं तेवढं गार होतं, पण एका पट्ट्यात ते कोमट होतं. चार बोटं रुंद पट्टा. त्याच्या समोरच्या बाजूला, अंगठा येईल तिथे, आणखी एक ठिपका.

"मोटरची ऊब असेल," मी म्हणाले.

"मोटर त्या टोकाला आहे," तो म्हणाला. त्याने स्क्रू लावले, पिशवी भरली. मी चहाचं विचारलं तर नको म्हणाला, आणि दारातून बाहेर पडताना मागे न बघता म्हणाला की मशीन परत द्यायचं असेल तर मी दुसरीकडे विचारावं.

सहाव्या चाचणीत भिंत जवळजवळ दिसेनाशी झाली. फिल्मच्या कडेला कारखान्यात छापलेले आकडे असतात, एक, दोन, तीन असे छत्तीसपर्यंत. फोटो काढा न काढा, डेव्हलपर लागला की ते उमटणारच. सहाव्या रोलवर ते आकडेही एवढे पुसट होते की मला भिंग लागलं.

तेव्हा मला जे कळलं ते मी आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही, कारण सांगितलं असतं तर ऐकणाऱ्याने मला डॉक्टरला दाखवलं असतं. अण्णांना हा रोल धुऊ द्यायचा नव्हता. जिवंत असताना डबीत बंद करून ठेवला, आणि आता माझ्या न्हाणीघरात, माझ्या मशीनमध्ये, "दे इकडे" चाललं होतं.

मला भीती वाटायला हवी होती. मला नुसती तिडीक आली. मी टबातलं पाणी फरशीवर ओतून दिलं आणि भर दुपारी एकटी त्या न्हाणीघरात ओरडले, "अण्णा, हात काढा. पन्नास वर्षांची झाले मी. हात काढा." खालच्या मजल्यावरच्या बाईंनी खिडकी लावून घेतलेली ऐकू आली.

मग डोकं जरा थंड झाल्यावर वाटलं, माझ्या हाताला त्यांची सवय आहे. भाचीच्या हाताला नाही. अण्णांनी त्या मुलीला कधी जवळ घेतलं नव्हतं. ती आली की ते गच्चीवर जाऊन बसायचे.

रविवारी दुपारी ती आली. मी तिला सगळं सांगितलं, फक्त अण्णांचं सोडून. वाया गेलेल्या फिल्मवर तिने रीळ भरायचा सराव केला, आधी उजेडात, मग डोळे मिटून. दहाव्या वेळेला तिचा हात बसला. रोज माणसांच्या शिरा शोधणारे हात ते, त्यांना काय अवघड.

"आता कोणती टाकी?" तिने विचारलं.

"मशीन."

तिने तिन्ही टाक्या एकेक करून उचलल्या, झाकणं लावून काढून बघितली आणि अण्णांची स्टीलची टाकी पुढे ओढली. "ही."

"ही नको."

"हिचं झाकण घट्ट बसतं. आणि मशीन काय करतंय ते मला कळणार नाही. हातात असलं की कळतं." ती हे अगदी साधेपणाने बोलली. "मावशी, माझ्या आईचा रोल आहे ना?"

मला राग आला, तो मी गिळला.

ती अंधार करून आत गेली. दाराच्या फटीला मी बाहेरून घोंगडी लावली आणि पाठ टेकून बसले. बारा मिनिटांनी दार वाजलं. झाकण लावलेली टाकी हातात घेऊन ती मोरीपाशी उभी होती. मी दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि दारातून आत पाऊल टाकलं नाही.

तिने डेव्हलपर ओतला, घड्याळ लावलं आणि टाकी हळूच पालथी केली, सुलटी केली, पुन्हा पालथी.

"हे कुठे शिकलीस?"

"रक्ताची नळी अशीच हलवतो आम्ही. आठ-दहा वेळा, हळू. जोरात हलवली तर रक्तातल्या पेशी फुटतात."

एक मिनिट गेलं. दोन. तीन. मोरीत नळाचा थेंब पडत होता. खिडकीतून ऊन तिच्या मनगटावर आलं होतं.

पाचव्या मिनिटाला तिचे हात थांबले.

"मावशी, हात काढ ना," ती म्हणाली.

मी दारात होते. ती माझ्याकडे पाठ करून उभी होती. आमच्यामध्ये सहा-सात फुटांचं अंतर होतं.

"मी इथे आहे," मी म्हणाले.

तिने मान वळवली नाही. तिच्या बोटांची पेरं पांढरी झालेली मला दिसली, कोणीतरी टाकी दुसऱ्या बाजूने खेचत असावं तशी.

मग तिने आवाज बदलला. सुई बघून हात आखडून घेणाऱ्या म्हाताऱ्या पेशंटशी ती बोलत असेल, तसा तो आवाज होता. मऊ, पण ऐकून घेणारा नव्हे.

"आजोबा, सोडा. घट्ट धरू नका. झालंच आता."

नळाचे दोन थेंब पडले.

तिची बोटं सैल झाली. तिने टाकी पालथी केली, सुलटी केली, पालथी केली.

साडेसात मिनिटांनी डेव्हलपर काढला, चित्र पक्कं करणारा फिक्सर घातला, मग पाणी. झाकण उघडून तिने रीळ बाहेर काढलं आणि फिल्म उलगडायला लागली. मी दारातूनच बघत होते.

फिल्म कोरी होती.

फिकी नव्हे. काचेसारखी कोरी. चेहरा नाही, झाड नाही, कडेचा एक आकडा नाही. तिच्यामधून मला खिडकीचे गज सरळ दिसत होते. डेव्हलपर त्या फिल्मला लागलाच नव्हता.

मी उंबऱ्यावर बसले. सव्वीस वर्षं लपवला, आणि शेवटी पुसूनही टाकला. या माणसाने मला एक गोष्ट, एक गोष्ट आयुष्यात धड करू दिली नाही, आणि आता या मुलीलाही नाही. मी रडत होते की दात खात होते ते मला सांगता येणार नाही.

"किती स्वच्छ आलंय," भाची म्हणाली.

मी वर बघितलं. तिने फिल्म खिडकीशी धरली होती आणि तिचा चेहरा उजळला होता.

"सगळं उलटं आहे ना, काळ्याचं पांढरं? पण कळतंय. ही मी आहे. सतरंजीवर. शेजारी तांब्या आहे, त्याचा काठ चेपलाय." तिने बोट पुढे सरकवलं. "ही आई आहे. आरशात. कॅमेरा पोटाशी धरलाय. मावशी, हिचे केस एवढे आखूड कधी होते?"

धरणावर जायच्या दोन दिवस आधी ताईने माझ्याकडून केस कापून घेतले होते. डार्करूममध्ये, फिल्म कापायच्या कात्रीने. कोणाला सांगू नको म्हणाली होती, डोक्याला रुमाल बांधून घरी गेली होती. मी कोणाला सांगितलं नव्हतं. भाचीला तर नाहीच.

"दाखव," मी म्हणाले.

तिने फिल्म माझ्यासमोर धरली. गज. खिडकीबाहेरची पाण्याची टाकी. आकाश.

"दिसतेय ना?"

मी मान हलवली. दिसत नाही म्हणून सांगितलं असतं तर तिने फिल्मकडे पुन्हा बघितलं असतं, आणि मग तिलाही दिसलं नसतं, अशी मला भीती वाटली.

फिल्म वाळायला दोन तास लागले. तेवढ्या वेळात ती मला आईबद्दल विचारत होती, आणि मी सांगत होते. ताई कशी हसायची, चालताना चप्पल कशी फरफटवायची. मला आतून संताप येत होता. तिला दिसू दिलं आणि मला नाही. हे सुद्धा माझ्याच हातातून काढून घेतलं.

मग तिने कात्री मागितली. सहा-सहा फोटोंचे तुकडे करायचे, हे तिला मीच सांगितलं होतं. कोऱ्या फिल्मवर तिने कात्री टेकवली, डोळे बारीक केले, दोन फोटोंमधली फट शोधल्यासारखी जरा डावीकडे सरकवली आणि कापलं. सहाही तुकडे तिने टेबलावर ओळीने मांडले. तिचं लक्ष नसताना मी पट्टी लावली. प्रत्येक तुकडा दोनशे अठ्ठावीस मिलिमीटर. सहा फोटोंना बरोबर एवढीच जागा लागते.

ती एकेक तुकडा उचलून सांगत होती. बस. बसच्या खिडकीतून रस्ता. धरणाची भिंत. पाणी. कठड्यावर बसलेला कावळा.

शेवटचा तुकडा तिने उचलला आणि उठून खिडकीशी गेली.

"काय आहे?"

"आई एकटीच गेली होती ना?"

"हो."

"ह्यात आई आहे," ती म्हणाली. "सहाही फोटोंत. खालच्या पायरीवर उभी आहे, वर बघतेय."

"कॅमेरा कठड्यावर ठेवून काढले असतील. टायमर लावून."

"नाही. वरच्या पायरीवरून, खाली वाकून काढलेत." तिने तुकडा डोळ्यांच्या अगदी जवळ नेला. "कडेला काढणाऱ्याचे पाय आलेत."

मला मोरीतला थेंब ऐकू येत होता.

"कसले पाय?"

"बाईचे. अनवाणी." तिने तुकडा खाली केला. "डाव्या पायाचं दुसरं बोट अंगठ्याहून लांब आहे."

दुपारभर न्हाणीघरात वावरून माझे पाय ओले होते. फरशीवर मी अनवाणीच उभी होते. ती माझ्या पायांकडे बघत होती.

"त्या दिवशी मी डार्करूममध्ये होते," मी म्हणाले, आणि माझा आवाज चढला. "सकाळपासून. शाळेच्या ग्रुप फोटोंचे आठ रोल होते. अण्णांनी पोलिसांना सांगितलं होतं तसं. वाटलं तर—"

वाटलं तर विचार त्यांना, असं मी म्हणणार होते.

पाच तुकडे तिने एका पाकिटात घातले, सहावा दुसऱ्या पाकिटात, आणि ते पाकीट पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवून चेन ओढली. जिना उतरताना तिची पावलं सावकाश होती. खालचं दार लागल्याचा आवाज आला.

मी टाक्या विसळल्या आणि पालथ्या घातल्या. त्या दिवसाचं मला सगळं आठवतं, घड्याळासकट. पहिला रोल सव्वानऊला टाकीत घातला. डेव्हलपर ओतला. अण्णा मागून आले आणि त्यांनी टाकी माझ्या हातातून घेतली. मग संध्याकाळ होती आणि आम्ही दोघं स्टुडिओतून घरी चालत निघालो होतो. अण्णा माझ्या शेजारून अनवाणी चालत होते, आणि माझ्या पायात त्यांच्या चपला होत्या, दोन बोटं मोठ्या. माझ्या चपला कुठे गेल्या हे मी त्यांना विचारलं नव्हतं. नंतरच्या सव्वीस वर्षांत मला तो प्रश्न पडलाही नव्हता.